गाडीचं काय ते विचारा: मोठी ईव्ही एवढी वीज खाते कुठे?

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरचा. यंदा मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली, ७५ युनिटची बॅटरी, कागदावर रेंज ६०० च्या वर. गावात मस्त चालते, तक्रार नाही. पण समृद्धीवरून नागपूरला निघालो, १२० ला क्रूझ लावला, गाडीत पाच जण आणि टपावर बॅगा, तर अडीचशे किलोमीटरच्या आतच चार्जर शोधायची वेळ आली. मेव्हणा म्हणतो वजन जास्त झालं म्हणून. बॅटरीच खराब निघाली का?

उत्तर: बॅटरीला काही झालेलं दिसत नाही आणि मेव्हण्याचंही अर्धंच बरोबर आहे. कागदावरची रेंज ज्या चाचणीतून येते ना, ती एमआयडीसी (कारखान्यांची एमआयडीसी नाही हो, गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या पद्धतीने पळवतात ती), त्यात गाडी ९० च्या वर जातच नाही आणि बराचसा वेळ शहरातल्यासारखीच रांगत असते. तुम्ही १२० ला बसलात तेव्हा ती चाचणी आणि तुमचा प्रवास यांचा काही संबंधच उरला नाही.

आता ढोबळ हिशोब करू. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलंच, एक किलोवॉट-अवर. अशी एसयूव्ही माणसांसकट साधारण २६०० किलो धरा. टायर रस्त्यावर फिरवायलाच १०० किलोमीटरला सातेक युनिट जातात, मग स्पीड ८० असो की १२०. खरा खेळ हवेचा. ८० ला हवा बाजूला सारायला साडेसात युनिट लागतात, १०० ला पावणेबारा, आणि १२० ला जवळजवळ १७. म्हणजे स्पीड दीडपट केला की हवेचं बिल सव्वादोनपट येतं. त्यात मोटर-इन्व्हर्टरमधलं नुकसान, एसी आणि टपावरच्या बॅगा मिळवा, शंभराला २७-२८ युनिट सहज होतात, मग ७५ युनिटमध्ये किती जाणार तुम्हीच बघा. एरोडायनॅमिक म्हणून डिझाइन केलेल्या गाडीच्या डोक्यावर आपण बोचकं बांधतो, तेही ताडपत्री फडफडवत. आणि तुमच्या पाच जणांचं वजन? सगळ्यांचं मिळून शंभर किलोमीटरला एक युनिटसुद्धा नाही.

पुढच्या वेळी बॅगा आत घ्या आणि १०० ला ठेवा. १२० ने गेलात तर २३० किलोमीटरमध्ये २३ मिनिटं वाचतात खरी, पण जास्तीची गेलेली १३-१४ युनिट परत भरायला ६० किलोवॉटच्या चार्जरवर पंधरा मिनिटं बसावंच लागतं, तोही रिकामा मिळाला तर.

प्रश्न: आम्ही डॅलसला असतो. घरी इलेक्ट्रिक पिकअप ट्रक आहे, लाँग वीकेंडला मागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडून निघतो तर रेंज अर्ध्याहून खाली येते. पण शेजारी तसल्याच ट्रकने बोट ओढतो, बोट आमच्या कॅम्परपेक्षा जड आहे आणि तरी त्याचा ट्रक जास्त लांब जातो. हे कसं काय?

उत्तर: बोट जड असली तरी बुटकी आणि निमुळती. तुमचा कॅम्पर म्हणजे रस्त्यावर उभी धरलेली भिंत, ट्रकच्या टपाच्याही वर गेलेली! हवेला वजनाशी देणंघेणं नाही, समोरून तुम्ही किती रुंद, किती उंच आणि कसल्या आकाराचे आहात एवढंच तिला कळतं.

आकडे हवेत तर फोर्ड एफ-१५० लायटनिंगचे घ्या. मोठ्या बॅटरीत वापरता येणारी वीज १३१ युनिट, अमेरिकेच्या ईपीएची (तिकडची सरकारी पर्यावरण संस्था, गाड्यांची रेंज आणि ॲव्हरेज तीच ठरवते) रेंज ३२० मैल, म्हणजे मैलाला ०.४१ युनिट. तुमच्याकडे इंटरस्टेट हायवेला ताशी ७५ मैलाने सगळेच जातात, तिथे हा आकडा अर्ध्या युनिटच्या वर जातो, आणि कॅम्पर लावला की मैलाला एक युनिट किंवा त्याहून जास्त. म्हणजे १०० मैलांच्या आसपास चार्जर पाहिजेच, आणि बऱ्याच ठिकाणी तर आधी ट्रेलर सोडवून ठेवावा लागतो, मग ट्रक चार्जरला लागतो. डिझेल ट्रकचंही ॲव्हरेज असंच पडतं बरं का, फक्त तिथे टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून कोणी बोलत नाही.

रेंज मोठी म्हणजे गाडी काटकसरी, हा समज मात्र आधी काढून टाका. जीएमसीची हमर ईव्ही बघा, ४ टनांच्या वर वजन, २०० युनिटच्या वर बॅटरी, ३०० मैलांच्या वर रेंज. ऐकायला भारी वाटतं. पण २०२२ च्या पिकअपला ईपीएच्या मोजणीत आकडा मिळाला ४७ एमपीजीई (एका गॅलन पेट्रोलएवढ्या ऊर्जेत किती मैल), म्हणजे शंभर किलोमीटरला साधारण ४५ युनिट. आणि गंमत अशी की तिकडे ८५०० पौंडांच्या वर ग्रॉस वजन (पूर्ण भरलेल्या गाडीचं कमाल वजन) असलेल्या पिकअपच्या काचेवर ॲव्हरेजचं लेबल लावायची सक्तीच नाही, त्यामुळे जी सगळ्यात जास्त खाते तिचाच आकडा शोरूममध्ये दिसत नाही.

प्रश्न: खोपोलीहून लोणावळ्याला चढताना बॅटरीचे टक्के धडाधड खाली येतात, भीती वाटते. (पनवेल)

उत्तर: घाबरू नका. २६०० किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला चारेक युनिट लागतात, ७५ च्या बॅटरीत पाच-सहा टक्के. वजन दुखतं ते इथे. पण परत येताना ब्रेक न मारता रिजनवर (मोटर उलटी वीज बनवून गाडी आवरते ते) उतरलात तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग बॅटरीत परत येतो. हवेला दिलेलं मात्र कधीच परत येत नाही, म्हणून मी घाटाची काळजी करत नाही, सपाट एक्स्प्रेसवेची करतो.

प्रश्न: गाडीचा स्क्रीन म्हणतो १०० युनिट वापरली, घरच्या मीटरवर ११५ दिसतात. मीटर चुकीचा आहे का? (नाशिक)

उत्तर: मीटर बरोबरच असणार. भिंतीतली एसी वीज डीसी करताना, बॅटरी गरम होताना, ती थंड ठेवताना वीज जातेच आणि गाडीचा स्क्रीन ती सांगत नाही. वरच्याच लायटनिंगला बॅटरीतून १०० मैलांना ४१ युनिट लागतात, पण ईपीए भिंतीपासून मोजते आणि ४८ लिहिते. खर्चाचा हिशोब नेहमी मीटरवरून करा. आणि रोज साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला रात्रभर लावत असाल तर वॉलबॉक्स (भिंतीवरचा जास्त ताकदीचा चार्जर) बसवून घ्या, कारण हळू चार्जिंगमध्ये गाडीतले पंप आणि कंट्रोलर तेवढे तास जास्त जागे राहतात आणि तेही खातात.