पट्टी ९५ टक्के दाखवते, तरी अँटीबॉडी मेलेली कशी?

नांदेडकर, तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. ५ मिलिक्युरीला (किरणोत्साराचं माप) ट्रास्टुझुमॅब, म्हणजे कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी अँटीबॉडी, ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी धातूने झकास लेबल होतंय, १०० ला नेलं की दुसऱ्या दिवशी पेशींना चिकटत नाही, लेबलिंग किती टक्के झालं ते दाखवणारी चाचणीची पट्टी मात्र ठणठणीत. संभाजीनगरला आमचं अगदी हेच झालं होतं. पीएच, डोटा (अँटीबॉडीवर धातू धरून ठेवणारा रेणू), धातूमुक्त बफर हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

आम्ही मिलिक्युरी वीसपट केले, पण घनफळ १ मिलीचं फक्त २ मिली. कमी पाण्यात लेबलिंग पटकन होतं ना! म्हणजे मिलीमागे ५ चे ५० झाले. ल्युटेशियम-१७७ चा बीटा कण पाण्यात फार तर दोनेक मिलिमीटर जातो, त्यामुळे बहुतेक ऊर्जा कुपीतच जिरते आणि तिच्याच माऱ्याने अँटीबॉडी बिघडते. हिशेब नंतर केला: तासाला दीडशे ग्रेच्या (शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप) वर, १२ तासांत १८०० च्या वर. पेशंटच्या गाठीला रेडिएशनचा सगळा शेक मिळून ५०-६० देतात! ओल्या कडब्याची एक पेंढी ठेवली तर काही होत नाही, गंजी लावली की आतून तापते. तसंच.

त्यात ती कुपी रात्रभर पडून राहिली. वाहतुकीच्या कागदावर एक सही हवी होती. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण "साहेब लातूरला गेलेत, उद्या या" हे अजून झोपेत ऐकू येतं. सकाळी पट्टी ९५ टक्के, आम्ही खूश. अहो, पट्टी फक्त सुटं ल्युटेशियम दाखवते, प्रथिनाचं काय झालं ते नाही. साइझ एक्सक्लुजनवर (रेणू आकारानुसार वेगळे करणारी चाचणी) घातलं तर आलेखात मुख्य शिखराच्या आधी, एकमेकांना चिकटलेल्या अँटीबॉडींच्या गठ्ठ्यांचं भलं मोठं टेंगूळ. अख्खी बॅच शिशाच्या डब्यात गेली.

माझं मत, पटलं तर घ्या: लेबलिंग झालं की चहालाही न उठता ताज्या एस्कॉर्बेटच्या (क जीवनसत्त्वाचा क्षार, किरणांचा मारा झेलतो) बफरने पातळ करा, गार ठेवा. अशाच किरणोत्सारी अँटीबॉडी औषधांपैकी आयोडीन-१३१ वालं टॉसिट्युमोमॅब गोठवूनच पाठवायचे, झेव्हालिन लेबल केल्यावर ८ तासांत द्यावं लागतं, ते उगाच नाही. आणि बॅच सोडताना पेशींना चिकटते का, ते बघितल्याशिवाय सही करू नका.

मी डॉक्टर नाही. माणसाला द्यायचं असेल तर तुमचे आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी आधी.

जाता जाता: मुंबईहून माल शुक्रवारी मागवू नका. अर्धायुष्य ६.६५ दिवस, शनिवार-रविवारात जवळपास पाचवा हिस्सा उडतो आणि बिल पूर्ण येतं.

तुमची कुपी किती मिलीची होती, तेवढं सांगा.