कासवाच्या पिल्लासाठी घरात जागा कशी करावी?

तारा कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून हे उत्तर सुलकाटा या जमिनीवर राहणाऱ्या आफ्रिकी जातीच्या पिल्लापुरतेच आहे. काचेच्या टाकीपेक्षा ४ × २ फुटांची उघडी लाकडी पेटी बरी. तळाशी नारळाचा भुसा व माती यांचा दमट थर द्यावा, कारण कोरड्या जागेत पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात. एका टोकाला दिव्याखाली सुमारे ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २६ अंश तापमान राखावे आणि लपण्यासाठी फुटक्या माठाचे, कडा घासलेले खापर पालथे घालावे. खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी (हाडे व कवच घट्ट होण्यासाठी लागणारे अतिनील) किरण अडवते, त्यामुळे त्यासाठीचा वेगळा दिवा रोज १२ तास हवाच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा तापवणारा दिवा दुपारी बंद ठेवावा. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर येऊ देऊ नये.