झडप बदलल्यानंतरचा ताप

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांची महाधमनीची झडप जांघेतून, ‘टावी’ पद्धतीने बदलली. तिसऱ्या दिवशी नाडी फार मंदावल्याने पेसमेकर बसवावा लागला. गेले दोन आठवडे त्यांना संध्याकाळी बारीक ताप येतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने तो उतरला, पण गोळ्या संपताच परत आला. झडप बसवताना काही चूक झाली असेल का? शिवाय त्यांचा एक दात हलतो आहे. तो काढून घ्यावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : पेसमेकर लागला म्हणजे चूकच झाली, असा अर्थ कृपया काढू नका. टावीमध्ये चुना साचून कडक झालेली जुनी झडप काढत नाहीत, तर नवी झडप तिच्या आतच फुलवतात. हृदयाच्या ठोक्यांचा विद्युतसंदेश खाली नेणारे तंतू या झडपेला अगदी लागून जात असल्याने त्यांच्यावर दाब पडून नाडी मंदावू शकते.

मला खरी काळजी वाटते ती तापाची. नव्या झडपेवर किंवा पेसमेकरच्या तारेवर जंतूंनी ठाण मांडले, तर वृद्धांमध्ये ताप फारसा चढत नाही. भूक मंदावते, वजन घटते, थकवा येतो आणि घरचे त्याला वयाचा परिणाम समजतात. अँटिबायोटिकने असा ताप तात्पुरता दबतो, मात्र रक्तात जंतू सापडणे अवघड होते. म्हणून आता घरी एकही नवी गोळी सुरू न करता आजच हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि घेतलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्या. नवे अँटिबायोटिक सुरू होण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून निदान तीन वेळा रक्त घेऊन कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, व्हायला हवे. छातीवरून केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेच्या धातूच्या जाळीमुळे दोष झाकला जाऊ शकतो, त्यामुळे अन्ननलिकेतून इको करण्याचा सल्ला मिळाला तर तो टाळू नका. बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती गेली किंवा दम लागला, तर थेट रुग्णालय गाठा.

तापाचे कारण कळेपर्यंत दाताला हात लावू नका. पुढे दात काढताना दंतवैद्यांना झडपेविषयी आधी सांगा, कारण त्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो; रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.