दोन कडव्यांच्या मधली जागा

सांगली

प्रिय बाळ,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पेटीवर तुझा हात आता चांगला बसला आहे. सूर सांभाळतेस, लय ढळू देत नाहीस, मंडळीला सोबत घेऊन जातेस. म्हणून आता पुढचं सांगतो: थांबायला शीक.

पाळकसाहेब म्हणतात, "मनातल्या मनात पापांची कबुली देऊ या," आणि माणसांचे डोळे मिटतात न मिटतात तोच तुझा पुढच्या गीताचा मुखडा सुरू होतो. शांतता पडली की वाजवणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. पण ती शांतता आपली नसते. मागच्या बाकावरची एखादी बाई आठवडाभर कुणाजवळ बोलली नाही, ते तेवढ्यात देवापाशी बोलून घेत असते. तिला अर्धा मिनिट तरी मिळू दे.

बायबलात स्तोत्र 46 काढ. तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या वचनाच्या शेवटी 'सेला' आहे. स्तोत्रसंहितेत हा हिब्रू शब्द 71 वेळा येतो, हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात आणखी तीनदा, आणि वाचताना आपण तो बहुतेक वेळा गाळूनच पुढं जातो. मी तो थांबायची खूण म्हणून पाळतो. सातव्या आणि अकराव्या वचनापाशी थांबणं सोपं आहे. तिथं याकोबाचा देव आपला आश्रय, हे ध्रुवपद आहे. पण तिसऱ्या वचनात काय आहे बघ. पाणी गर्जतंय, फेसाळतंय, डोंगर थरथरताहेत. नेमकं तिथं 'सेला'! देवाच्या नगराला आनंद देणारी नदी पुढच्याच वचनात आहे, तरी स्तोत्र तिकडं धावत नाही.

सांगलीकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलेली माणसं आपल्याच बाकांवर बसतात. ती ओळ गाताना कुणाला भिंतीवरची चिखलाची रेघ आठवते, कुणाला भिजून फुगलेलं घरचं बायबल. तू लगेच दिलाशाच्या कडव्यावर गेलीस, तर त्यांची भीती त्यांच्यापाशीच राहते आणि दिलासा नुसता चालीपुरता उरतो. भीती देवासमोर ठेवायला क्षणभर वेळ मिळाला, तरच पुढची नदी त्यांची होते.

आता हाताचं काम. ओळ संपली की षड्ज धरून ठेव, भाता हळूहळू सोड, सूर आपोआप विरू दे. बोट एकदम उचललंस तर माणसं दचकतात. तबलेवाल्याला आधीच सांगून ठेव की समेवर येऊन थांबायचं, तिहाई नको. पुढच्या गीताच्या पानात अगोदरच खूण घाल, म्हणजे पानं चाळायला नकोत. माइकवर "आता शांत राहू या" असं सांगूही नकोस. त्या सूचनेनंच शांतता मोडते. हल्ली पुष्कळ ठिकाणी प्रार्थनेखालीही कीबोर्डचा सूर चालू ठेवतात. मला ते पटत नाही. माणसाला स्वतःच्या मनाचा आवाज ऐकू यायला हवा. प्रभुभोजनाच्या वेळी तर हवाच. प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा, असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहून ठेवलं आहे. तिथं एखादं कडवं न गायलेलं राहिलं तरी राहू दे.

प्रत्येक गीतात मात्र थांबू नकोस. ईस्टरच्या सकाळचं गीत मोकळ्या गळ्यानं वाहू दे.

आणि थांबणं म्हणजे दर वेळी गप्प बसणंच असंही नाही. आपल्या शेजारच्या साताऱ्यात कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ती भक्ती अभंगात, भजनात, कीर्तनात आणण्यासाठी या माणसानं किती कष्ट घेतले! भजनात एकच चरण घोळवून घोळवून म्हणतात, तेव्हाही मन त्या चरणापाशी थांबतं, त्याचा अर्थ मुरतो. आत्म्यानं गाईन आणि बुद्धीनंही गाईन, असं पौल म्हणतो. पाच कडवी उरकण्याच्या घाईत बुद्धी मागेच राहते. एखाद्या रविवारी दोनच कडवी घे, पण ती घोळव.

येत्या रविवारी 46 वं स्तोत्रच घेऊ. शनिवारच्या तालमीला थोडी लवकर ये. तिसऱ्या वचनानंतर किती थांबायचं, ते तबल्यासोबत दोन-तीनदा करून बघू. पाळकसाहेबांना मी सांगून ठेवतो, म्हणजे गीत संपलं असं समजून ते मध्येच प्रार्थनेला उठणार नाहीत.

तुझे,
गायनमंडळातले काका