पाईप ओला दिसला तरी हात लावू नका

प्रश्न : मिस्त्री, माझ्याकडे ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिकचा पलटी नांगर आहे. नांगराच्या होस पाईपमधून तेल पाझरतं. ट्रॅक्टर चालू ठेवून पाईपवरून हात फिरवून बघितला, पण नेमकी जागा सापडली नाही. तूर्त ट्यूबची पट्टी गुंडाळलीय. नांगर पलटायलाही जड जातोय. गावातला मेकॅनिक म्हणतो, रिलीफ व्हॉल्व्हला एक वॉशर टाकला की ताकद वाढेल. टाकू का?
— एक शेतकरी, माढा तालुका

उत्तर : दादा, वॉशरचं नंतर बघू. ‘हात फिरवून बघितला’ हे वाचलं आणि पोटात धस्स झालं.

गाडीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये प्रेशर असतं साधारण १५० ते २०० बार. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून या प्रेशरनं निघालेलं तेल धड दिसतही नाही, आणि कातडी भेदून थेट आत शिरतं. हातमोज्यानंही अडत नाही.

माझ्याकडे काम शिकणाऱ्या एका पोराचं असंच झालं. ट्रॉलीच्या जॅकचा पाईप ओला दिसला म्हणून त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट फिरवलं. बाभळीचा काटा लागावा तसा एक लाल ठिपका, रक्ताचा थेंबसुद्धा नाही. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. मीही म्हटलं, थोडक्यात निभावलं. रात्रीतून बोट सुजून ताठ झालं, टोक पांढरंफटक आणि गार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर आतलं मांस मेलं होतं. दोन पेरं काढावी लागली. त्याच संध्याकाळी मी त्याला घेऊन निघायला हवं होतं, ही सल माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सांगतो, असं कधी झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा. ‘टोचलं’ म्हणू नका; ‘प्रेशरचं तेल बोटात शिरलंय’ असं स्पष्ट सांगा. तेलाचा डबा सोबत न्या. जखम दाबून तेल काढायचा प्रयत्न करू नका आणि वाटेत काही खाऊ-पिऊ नका. इथे तासांचा हिशेब असतो.

गळती शोधायची तर खोक्याचा पुठ्ठा लांब काठीला बांधा, डोळ्यांना गॉगल लावा आणि पुठ्ठा पाईपच्या कडेनं फिरवा. जिथं पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटेल, तिथं भोक. जवळ पोरंबाळं नकोत. तुमची ती ट्यूबची पट्टी प्रेशर थोपवत नाही, भोक तेवढं झाकून ठेवते. इंजिन बंद करून, पुढे सांगतो तसं प्रेशर सोडून, ती आधी काढा.

प्रेशर सोडायचं म्हणजे काय, तर नांगर जमिनीवर पूर्ण टेकवा. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, आणि नांगराचं लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा हलवा. इंजिन बंद झालं तरी पाईपात प्रेशर कोंडलेलं राहतं. कपलिंग, म्हणजे पाईप ट्रॅक्टरला जोडायचा जोड, हातानं निघत नसेल तर हातोडी मारू नका, लिव्हर पुन्हा हलवा. सोडलेला नांगर उन्हात पडला असेल तर आतलं तेल फुगतं आणि कपलिंग बसत नाही. अशा वेळी लोक पाईपच्या टोकाचं निपल दगडावर दाबतात, ते तेल तोंडावर उडतं. नांगर सावलीत गार होऊ द्या. आणि लिफ्टवर उचललेल्या नांगराखाली कुणी वाकायचं नाही. सील गेलं की तो आपोआप खाली बसतो.

पाईप नवीनच घ्या, दोन तारेचा, म्हणजे रबरात तारेच्या जाळीचे दोन थर असलेला. अर्ध्या इंचाचा एका तारेचा पाईप साधारण १६० बारचा असतो, दोन तारेचा २७५ चा. आकडा पाईपवर छापलेला असतो, वाचून घ्या. आपल्या ट्रॅक्टरचं प्रेशर मॅन्युअलमध्ये बघा आणि पाईप त्याच्या वरचा असू द्या.

आता वॉशर. नाही, टाकू नका. प्रेशर हद्दीबाहेर गेलं की रिलीफ व्हॉल्व्ह तेल परत टाकीत सोडतो. वॉशर टाकला की ही हद्दच वर सरकते, आणि मग फुटायची पाळी पाईपावर, पंपावर किंवा जॅकवर येते. आधी सपाट जागी, लिफ्ट खाली ठेवून तेलाची पातळी बघा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदला. सक्शनची जाळी, म्हणजे पंपात जाणारं तेल गाळणारी जाळी, काढून धुवा, मग पलटीचे पिन-बुश बघा. माझ्याकडे ‘ताकद कमी’ म्हणून आलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांत नुसती जाळी चिखलानं आणि लोखंडाच्या किसानं भरलेली निघाली. एवढं करूनही जड गेला तर प्रेशर गेज लावणाऱ्याकडूनच तपासून घ्या.

जुना पाईप दुकानात मापाला न्या आणि परत आणल्यावर कोयत्यानं मधोमध कापून टाका. अखंड ठेवला तर ऐन ऊसतोडीत कुणीतरी तोच ट्रॉलीला जोडतो.