मुलगी कॅथलिक शाळेत दुसरीत आहे. लेंट (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपासाचा काळ) सुरू झाला की तिलाही उपास करावा लागेल का? अन् होळीचं काय?

उपासाची काळजी सोडा. कॅथलिक नियमात उपवास 18 ते 59 वयाच्या लोकांना, अन् मांस वर्ज्य 14 वर्षांपासून पुढे. दुसरीतल्या ख्रिस्ती लेकरालाच तो लागू नाही, तर तुमच्या लेकीला कुठून लागणार?

राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी (2026 मध्ये 18 फेब्रुवारी), कपाळाला राख लावतात. सहसा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) फांद्या जाळून ती करतात. नको वाटत असेल तर बाईंना आधीच सांगून ठेवा. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना उपासनेत सामील करता येत नाही, राज्यघटनेचं कलम 28(3) तेच सांगते.

होळी बहुतेक लेंटमध्येच येते. शाळेचा सांस्कृतिक दिवस त्याच सुमारास असला तर फॅन्सी ड्रेस भाड्याने आणायच्या भानगडीत पडू नका (दर वर्षी तेच शिवाजी, तेच नेहरू). लेकीसोबत पळसाची फुलं पाठवा. रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी उकळून गाळली की केशरी रंग तयार. मेळघाटाकडची कोरकू आदिवासी पोरं वर्गात असली तर फगवा (होळीचे पैसे) कसा मागतात ते त्यांनाच सांगू द्या. आपल्या उपासाच्या डब्यातली साबुदाण्याची उसळ अन् भगरही न्या, बाईंना लेंट समजावून सांगायला आयतं उदाहरण मिळेल.

लेंटमध्ये गरिबांसाठी दानपेटीही फिरते. ते दान ऐच्छिक असते, लेकीजवळ पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.