खड्यांचं नंतर बघू, आधी मार्चचा हप्ता

सांगलीहून, विश्रामबागेतल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या तांब्याच्या आणि चांदीच्या तारेत खडे गुंफून पेंडंट करतात, वायर रॅपिंग म्हणतात त्याला. महिन्याला पंधराएक पेंडंट जातात, सरासरी ९०० रुपयांना. आता जयपूरचा एक व्यापारी लॅरिमार, लॅब्राडोराइट, मोल्डावाइट असा अडीचशे खड्यांचा लॉट दीड लाखात देतोय आणि सांगतोय की असले खडे पाच वर्षांत तिप्पट होतात. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत, पगार हातात ३८ हजार, मुलगी चौथीत. प्रश्न एवढाच की पाटल्या ठेवून दोन लाखांचं गोल्ड लोन काढू का? आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: "दोनातले ५० हजार मार्चच्या पॉलिसीच्या हप्त्याला लागतील, ४५ जमलेत, मागच्या मार्चला पण सोनं ठेवूनच भरला होता."

ताई, मी ती शेवटची ओळ वाचली आणि खड्यांचं बाजूलाच ठेवलं.

तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय ते बरं केलंत. ९६ हजार वर्षाला, १२ वर्षं भरायचे, २० वर्षांनी २१ लाख मिळणार, आणि मिस्टरांना काही झालं तर १० लाख. तीन हप्ते झालेत. घेतली कुणाकडून तर नणंदेच्या मिस्टरांकडून, आणि त्यांनी सांगितलं होतं "पैसे डबल, वर इन्शुरन्स फुकट." आता हिशेब बघा. भरणार साडेअकरा लाख, मिळणार २१, म्हणजे डबल दिसतंय खरं, पण २० वर्षांत. वर्षाचा दर काढला तर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतंय, पोस्टात जाऊन उघडता येतं, त्याला कुठला एजंट लागत नाही. आणि तुम्ही हा सव्वाचार टक्क्यांचा हप्ता भरायला १२ टक्क्यांनी सोनं गहाण टाकलंय! मागच्या मार्चच्या ९६ हजारांवर वर्षाचं व्याजच साडेअकरा हजार झालं, मुद्दल तसंच उभं आहे, आणि या मार्चला त्यावर अजून ५० हजार चढवायचा विचार आहे. पुढच्या मार्चला काय ठेवणार?

मला खरा राग येतो तो त्या "इन्शुरन्स फुकट" वर. ३८ हजार पगार म्हणजे वर्षाला साडेचार लाख, आणि कव्हर १० लाख, म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचा घरखर्च. मुलगी चौथीत आहे. त्या माणसाने तुमच्या घरी बसून चहा घेतला, घर कसं चालतं ते त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने टर्म इन्शुरन्सचं, म्हणजे मुदतीला काही परत न देणाऱ्या पण माणूस गेला तर मोठी रक्कम देणाऱ्या विम्याचं, नावसुद्धा काढलं नाही, कारण वीस हजारांच्या आतल्या हप्त्यावर कमिशन ते किती मिळणार.

म्हणून पहिलं काम टर्म पॉलिसी. मिस्टर ३८ वर्षांचे, तर एक कोटीचं कव्हर साठीपर्यंत साधारण १५ ते २० हजारांत वर्षाला मिळावं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी पण नाही. मिस्टर तंबाखू खात असतील तर फॉर्ममधे खरं लिहा, हप्ता वाढेल, वाढू दे, लपवलं तर क्लेमच्या वेळी भांडत तुम्हाला बसावं लागेल. आणि दुसरं, तिघांची मिळून एक आरोग्य पॉलिसी. पत्रात तुम्ही कंपनीचा मेडिक्लेम आहे असं कुठं लिहिलं नाहीये, आणि ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, मर्यादा २१ हजार पगाराची, त्यात मिस्टर बसत नाहीत. मिरज जवळ आहे म्हणून डॉक्टर चांगले मिळतील, पण बिल आपल्यालाच भरायचंय. ही पॉलिसी धरा २०-२२ हजार. दोन्ही मिळून ४० हजाराच्या आसपास, म्हणजे तुमचे जमलेले ४५ इथंच लावायचे, त्या मार्चच्या हप्त्याला नाही.

मग जुन्या पॉलिसीचं काय? सरेंडर केली, म्हणजे मधेच मोडली, तर तीन हप्त्यांवर हमीचा परतावा ३५ टक्के धरा, म्हणजे भरलेत २ लाख ८८ हजार आणि हातात येणार एक लाख. लोक इथं घाबरतात आणि भरत राहतात. पण तिसरा रस्ता आहे, पेड-अप. पुढचे हप्ते बंद करायचे, पॉलिसी तशीच पडू द्यायची, आणि १२ पैकी ३ हप्ते भरलेत म्हणून २१ लाखांचा पाव हिस्सा, सव्वापाच लाखांच्या आसपास, मुदतीला मिळेल. आज एक लाख घ्यायचा की १७ वर्षांनी सव्वापाच? हा दर दहा टक्क्यांच्या आसपास बसतो, त्यामुळे मी पेड-अप म्हणेन. उलट उरलेले ९ हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशावर मिळणार साडेचार-पावणेपाच टक्के. तेव्हा भरणं थांबवायचं, हे नक्की. फक्त क्रम चुकवू नका, पेड-अप झाल्यावर कव्हर पण १० वरून अडीच लाखांवर येतं, म्हणून टर्म पॉलिसीचा कागद हातात आल्याशिवाय हप्ता सोडायचा नाही. मेडिकल वगैरे धरून काही आठवडे जातात, आत्ताच अर्ज करा.

आता खडे.

तुमच्या जिल्ह्यातली विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, दागिना मोडायला आला की खड्याचं वजन आधी वजा होतं, पैसे धातूचे. हिरा-माणकाची ही गत, तर लॅब्राडोराइटचं काय. सराफ कट्ट्यावर तो कुणी परत घेणार नाही. तिप्पट होतात म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला सांगा, पाच वर्षांनी दुप्पट भावाने परत घेतो असं लेटरहेडवर लिहून दे, मग बघा काय उत्तर येतं. मोल्डावाइट तर चेक प्रजासत्ताकाकडची उल्केच्या आघाताने बनलेली नैसर्गिक काच, त्याची नक्कल साध्या हिरव्या काचेत धडाधड होते, सरासरी ६०० रुपयांच्या लॉटमधे ते कसं बसतंय हा पहिला संशय. लॅरिमार मिळतो फक्त डॉमिनिकन रिपब्लिकमधे, दिसायला सुंदरच, पण मऊ आहे, कठीणपणाच्या मोहच्या मोजमापात दहापैकी पाचाच्या आत, अंगठीत घातला तर ओरखडे येणार.

आणि हिशेब. तुमचं पेंडंट ९०० ला जातं, खडा १५०, तार ६०, डबी-कुरिअर ९०, उरले ६००, त्यात तीन तासांचं काम. महिन्याला नऊ हजार, प्रदर्शनाच्या स्टॉलचा खर्च काढून सात. हे सात हजार खरे कमावलेले आहेत आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. पण खडा ६०० चा झाला की पेंडंट १८०० ला विकावं लागेल, आणि १८०० देणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे आहे का हे अजून कुणी बघितलेलंच नाही. अडीचशे खडे महिन्याला पंधराच्या वेगाने सतरा महिने पुरतात, तेही सगळे मनासारखे निघाले तर.

तर लॉट नको. महागातले पंधरा खडे निवडून घ्या, आठ-नऊ हजार लागतील, ते महिना-सव्वा महिन्याच्या कमाईतून, आणि पुढच्या प्रदर्शनात १८०० ला लावून बघा. दहा गेले तर पुन्हा मागवा. शिवाय आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणात स्टिल्बाइट, अपोफिलाइट असे स्फटिक सापडतात, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक घेतात. हेही नाजूक असतात, पण गळ्यातल्या पेंडंटला तारेच्या पिंजऱ्यात चालतात, भोक पाडावं लागत नाही, आणि "हा आपल्या मातीतला खडा" म्हणून तुम्ही स्टॉलवर सांगू शकता, जयपूरच्या लॉटला ते कुठून येणार. चांदीची तार हुपरीला विचारून बघा, जवळ आहे. जीएसटीची घाई नको, मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, फक्त राज्याबाहेर विकायला लागलात, विशेषतः ऑनलाइन साइटवरून, तर लागू शकते. पुढे कधी कर्जच घ्यायचं झालं तर मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं, पाटल्यांना हात लावायचा नाही.

या मार्चला गोल्ड लोनचं व्याज भरा आणि नंतर महिन्याचे सात हजार सरळ त्या मुद्दलात टाका, मधे खड्यांचा महिना-सव्वा महिना गेला तरी दीड वर्षाच्या आत सोनं घरी येतं.

राहता राहिले नणंदेचे मिस्टर. हप्ता थांबला की त्यांचा फोन येईल, "एवढं भरलेलं वाया जाईल" म्हणतील. वाया जात नाही, पेड-अपची रक्कम किती ते आधीच कंपनीच्या शाखेतून लेखी घेऊन ठेवा, व्हॉट्सअॅपवर नको, शिक्क्यानिशी. सरेंडरचा आकडा पण त्याच कागदावर मागा, माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला तर मला कळवा, मग पेड-अपचा पुन्हा विचार करू.